कागदाचा रंग, माणसाचा रंग

चित्राचा आरंभ कोठे होतो, असे कोणी विचारले तर आपण सहज सांगून जाऊ की, पहिल्या रेषेपाशी. परंतु ती रेषा उमटण्यापूर्वीच एक मोठा निर्णय होऊन गेलेला असतो, आणि तो असतो जमिनीचा. ज्या पृष्ठभागावर चित्र काढावयाचे त्याला आपल्याकडे ‘जमीन’ म्हणतात. रांगोळी घालणारी गृहिणी आधी जमीन सारवून घेते, तसाच चित्रकारही आधी आपली जमीन ठरवतो. आज शाळेतल्या मुलापासून प्रौढ हौशी कलावंतापर्यंत बहुतेकांच्या बाबतीत हा निर्णय न विचारताच झालेला असतो. समोर येतो तो पांढरा कागद. तो इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या पांढरेपणाला काही अर्थ आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

पांढऱ्या कागदावर प्रकाश आधीच भरलेला असतो. पेन्सिलीला तेथे एकच वाट मोकळी असते, ती अंधाराकडे जाणारी. याउलट कागद जर मातकट, राखी किंवा निळसर असेल तर त्याची छटा उजेड आणि अंधार यांच्या मधोमध कोठेतरी पडते. मग गडद पेन्सिलीने छायेकडे उतरता येते आणि पांढऱ्या पेन्सिलीने प्रकाशाकडे चढता येते. मधला सारा प्रदेश कागदच सांभाळतो. मानवाकृतीच्या रेखाटनात ही सोय किती मोलाची आहे हे चित्रकारांना शतकानुशतके ठाऊक आहे. परंतु सावळ्या आणि गव्हाळ माणसांच्या आपल्या देशात या सोयीला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. तो कोणता, हे पाहण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल, आणि त्याची सुरुवात छत्तीसगडातून करणे सोयीचे होईल.

रायपूर शहराच्या उत्तरेला लागून बीरगांव आहे. शेजारी उरला आणि त्यापलीकडे सिलतरा अशा औद्योगिक वसाहती पसरल्या आहेत. लोहखनिज भट्टीत घालून त्याचे लोखंड करणे हा या परिसरातला मोठा उद्योग. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे मराठी माणसाला रायपूर परके नाही. या प्रदेशातला शेतकरी आपल्या जमिनींना त्यांच्या रूपावरून नावे देतो. काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोहोंच्या मधली डोरसा आणि तांबडी खडकाळ ती भाठा. घराच्या भिंती उजळायला छुही नावाची पांढरी माती वापरतात. काळा, पिवळा, तांबडा आणि पांढरा असा चित्रकाराला लागणारा पहिला रंगसंच येथे पायाखालीच पडलेला आहे. बीरगांवच्या आसपासच्या भट्ट्यांत जे खनिज वितळते त्याचा आणि गेरूचा गोत्रसंबंधही लक्षात घेण्याजोगा आहे. गेरूचा तांबडेपणा लोहाचाच असतो. माणसाने माणसाचे चित्र काढायला जी सर्वांत जुनी साधने हाती घेतली, त्यांत लोहाची ही तांबडी माती अग्रभागी होती.

याची साक्ष याच प्रदेशात मिळते. रायगढजवळ सिंघनपूर येथील शैलाश्रयांतली चित्रे 1910 साली अभ्यासकांच्या नजरेस आली. तेथे उघड्या खडकावर तांबड्या मातीने माणसे आणि जनावरे काढलेली आहेत. तेथे कोणी भिंत पांढरी करून घेतलेली नाही. खडकाचा जो रंग, तीच चित्राची जमीन. आजच्या भाषेत बोलायचे तर रंगीत जमिनीवरील मानवाकृतीचा हा आपल्याकडील फार जुना वर्ग होय, आणि तेथे शिक्षक खडक हाच होता.

सरगुजा जिल्ह्यात रामगढच्या डोंगरावर जोगीमारा नावाची लेणी आहे. तिच्यातील ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या ते दुसऱ्या शतकातला मानतात. त्यात सुतनुका नावाच्या देवदासीचा आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या वाराणसीच्या देवदीन या ‘रूपदक्षा’चा उल्लेख आहे. रूपदक्ष म्हणजे मूर्तिकार, चित्रकार की नाण्यांची पारख करणारा, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. ते काही असले तरी रूपाच्या कामात जो दक्ष तो रूपदक्ष, ही संज्ञा मोठी अर्थपूर्ण आहे. या लेणीच्या छतावर पांढऱ्या लेपावर तांबड्या आणि काळ्या रंगांत आकृती काढलेल्या आहेत. म्हणजे सिंघनपूरच्या खडकापासून जोगीमाऱ्याच्या लेपापर्यंत येताना माणसाने जमीन स्वतः तयार करायला आरंभ केला होता. येथून पुढे दोन वाटा संभवतात. एक, जमीन पांढरी करून तिच्यावरच सरळ चित्र काढणे. आणि दुसरी, पांढरी केलेली जमीन पुन्हा मध्यम छटेने झाकून मग माणसाला हात घालणे.

दुसरी वाट किती दूरवर पोहोचली होती हे अजिंठ्याला दिसते. त्याची हकीकत एका विलक्षण योगायोगाशी जोडलेली आहे. इटलीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस चेन्निनो चेन्निनी नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याने चित्रकारांच्या हस्तकौशल्याचा एक ग्रंथ लिहिला. त्यात कागद रंगवून घेण्याच्या कृती दिल्या आहेत. हिरवी माती, पांढरा रंग आणि सरस यांचे मिश्रण कागदावर हलक्या हाताने अनेकदा फिरवावे, म्हणजे हिरवट कागद तयार होतो. अशाच रीतीने तांबूस, निळसर आणि राखी कागदही करता येतो. या कागदावर छाया गडद पाण्याने द्यावी आणि उजेड पांढऱ्या रंगाने उचलावा, असे तो शिकवतो. भिंतीवर चेहरा रंगवतानाही कातडीच्या रंगाखाली आधी हिरव्या मातीचा हात द्यावा, असे त्याचे सांगणे आहे.

1899 साली हा ग्रंथ इंग्रजीत आणला तो ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या विदुषीने. पुढे दहा वर्षांनी तीच बाई अजिंठ्याला आली. 1909 पासूनच्या दोन हिवाळ्यांत तिने तेथील चित्रांच्या नकला करण्याचे काम चालवले. तिच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार, व्यंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त ही तरुण मंडळी होती, तसेच निजामाच्या राज्यातले सय्यद अहमद होते. यांपैकी हालदार पुढे 1914 साली जोगीमाऱ्याची चित्रे उतरवून घेण्यासाठी रामगढलाही गेले. अजिंठ्याची पद्धत या बाईंनी नोंदवून ठेवली आहे. आधी पांढऱ्या लेपावर तांबड्या रंगाची जोमदार रेषा, मग तिच्यावर हिरव्या मातीचा पातळ हात, असा की खालची तांबडी रेषा त्यातून किंचित दिसत राहावी. त्यानंतर अंगाचे आणि वस्त्रांचे रंग, आणि शेवटी तपकिरी व काळ्या रेषांनी आकार पुन्हा पक्के करणे. ज्या व्यक्तीने इटालियन गुरूचा हिरव्या मातीचा पाठ भाषांतरित केला होता, तिलाच तो पाठ त्या गुरूच्या कितीतरी शतके आधी सह्याद्रीच्या एका घळीत गिरवलेला सापडावा, हा योग दुर्मीळच म्हटला पाहिजे.

येथे हिरव्या रंगाचेच काय प्रयोजन, असा प्रश्न सहज मनात येईल. माणसाच्या अंगावर प्रकाश आणि छाया यांच्या सीमेवर जो भाग असतो, तो निरखून पाहिला तर थोडा थंड, थोडा हिरवट-राखी भासतो. तांबूस-तपकिरी कातडीखाली हिरवा वा राखी थर असला की हा मधला भाग आपोआप साधतो, आणि वरचा उबदार रंग अधिक जिवंत दिसतो. अजिंठ्याच्या चित्रांत गौर, गव्हाळ, सावळे, काळे असे नाना वर्णांचे स्त्रीपुरुष एकाच भिंतीवर शेजारी शेजारी बसलेले आहेत. त्यांतला कोणताही वर्ण मूळचा आणि बाकीचे त्याचे विकार, असे वाटत नाही. याचे श्रेय चित्रकाराच्या दृष्टीला तर आहेच, पण त्याच्या जमिनीलाही आहे. मधल्या छटेपासून निघालेल्या चित्रकाराला गोऱ्याकडे आणि काळ्याकडे जाण्याचे अंतर सारखेच पडते.

आता साधनाकडे वळू. पेन्सिल ही वस्तू पाश्चात्त्य, हे सर्वांना ठाऊक आहे. शिशाच्या नावाने ओळखली जाणारी, ग्रॅफाइट आणि माती यांची आजची कांडी 1795 च्या सुमारास फ्रान्समध्ये काँते या गृहस्थाने सिद्ध केली. चित्रकारांसाठी टिकाऊ रंगांच्या पेन्सिलींचा मोठा संच जर्मनीतील फाबर-कास्टेल या कारखान्याने 1908 साली बाजारात आणला. परंतु आकृतीचा पहिला आराखडा कोरड्या कांडीने करावयाचा, ही कल्पना आपल्या दख्खनला नवी नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात चित्रकलेचे एक प्रकरण आहे. काजळ आणि शिजवलेला भात एकत्र मळून त्याची वळी करावी, तिला वर्तिका म्हणावे आणि तिने प्रथम आकृती टिपून घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. भिंतीच्या लेपासाठी म्हशीचे कातडे उकळून केलेला सरस सांगितला आहे, त्याचे नाव वज्रलेप. आपल्या स्वयंपाकघरातला भात आणि दिव्याचे काजळ यांतून निघालेली ही वर्तिका आजच्या पेन्सिलीची दूरची आजीच होय.

छायेच्या बाबतीतही आपले जुने ग्रंथ मुके नाहीत. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छटा भरण्याच्या, म्हणजे वर्तनेच्या, तीन तऱ्हा दिल्या आहेत. पानाच्या शिरांसारख्या रेषांनी भरलेली ती पत्रजा, अतिशय बारीक रेषांची ती ऐरिका आणि ठिपक्यांची ती बिंदुजा. रंगीत पेन्सिल हाती धरलेल्या आजच्या विद्यार्थ्याला याहून वेगळे काय करावयाचे असते? त्याचे साधन रंगाचा सपाट थर देऊ शकत नाही. रेषेशेजारी रेषा आणि ठिपक्याशेजारी ठिपका मांडूनच त्याला गोलाई आणावी लागते.

युरोपात रंगीत कागदाची परंपरा अखंड राहिली. व्हेनिसमध्ये निळा कागद मिळे. तेथे जाऊन आल्यावर आल्ब्रेख्त ड्यूररने 1508 साली निळ्या जमिनीवर जोडलेल्या हातांचे जे चित्र काढले, ते आज जगभर ओळखले जाते. अठराव्या शतकाच्या आरंभी वात्तो हा फ्रेंच चित्रकार मातकट कागदावर तांबडा, काळा आणि पांढरा असे तीनच खडू वापरून जिवंत कांती उभी करी. मग आपल्याकडे शिक्षणाचा आरंभ पांढऱ्या कागदाने का झाला?

मुंबईस जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मार्च 1857 मध्ये कलाशाळा सुरू झाली. 1865 साली तेथे लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक आले. त्यांची तळमळ खरी होती. ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील चित्रांच्या नकला करवून घेतल्या. परंतु वर्गातला नित्याचा अभ्यास निराळा होता. आधी छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा, मग ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाश, असा तो क्रम होता. वस्तू पांढरी आणि कागद पांढरा. या अभ्यासाने हाताला शिस्त आली आणि डोळ्याला माप आले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. 1890 साली कोल्हापूरहून येऊन या शाळेत दाखल झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर याच शिस्तीतून वाढले. मुंबईच्या रस्त्यांवरची नाना जातींची, नाना व्यवसायांची माणसे त्यांनी ज्या सहजतेने रेखाटली, ती सहजता त्या तालमीशिवाय आली नसती. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या त्यांच्या आत्मवृत्ताच्या नावातच त्या संस्थेशी जडलेले त्यांचे नाते दिसते.

तरी एक गोष्ट उरतेच. प्लॅस्टरच्या पुतळ्यावरून शिकलेल्या हाताला पांढरे शरीर हे प्रमाण वाटू लागते. पहिल्या महायुद्धानंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत जिवंत माणसावरून अभ्यास करण्याचा वर्ग जोमाने चालू झाला, तेव्हा विद्यार्थ्यांसमोर येऊन बसलेला देह प्लॅस्टरचा नव्हता. तो या मातीतला, उन्हात राबलेला, सावळा देह होता. पांढऱ्या कागदावर असा माणूस काढणे म्हणजे आरंभापासून काळोख चढवीत जाणे. काळेपणा हा त्याचा मूळ वर्ण न राहता कागदाच्या मूळ गोरेपणावर साचलेली सावली होऊन बसतो. विद्यार्थी घाबरून हात आखडतो, आणि शेवटी चित्रातला माणूस प्रत्यक्षापेक्षा उजळ होऊन बाहेर येतो. जाहिरातींतून आणि दिनदर्शिकांवरून आपण इतकी वर्षे जे गोरेगोमटे देव आणि जी गोरी माणसे पाहत आलो, त्यांची कारणे समाजात खोल रुजलेली आहेत. सारा दोष कागदावर टाकणे अन्यायाचे होईल. पण कागदानेही त्यात आपला वाटा उचलला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मातकट कागदावर हाच माणूस काढावयास घ्या. कागद त्याच्या कांतीच्या मध्यम छटेला येऊन मिळतो. अर्धे शरीर काही न करताच कागदावर हजर असते.

ज्यांना हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी आरंभाची रीत थोडक्यात सांगतो. कागद फार गुळगुळीत नसावा, कारण रंग धरायला त्याला थोडा दाणा लागतो. त्याची छटा समोरच्या माणसाच्या दंडाशेजारी धरून पाहावी. डोळे किलकिले केल्यावर दंडाचा मधला भाग आणि कागद एकमेकांत मिसळताहेत असे वाटले की, निवड बरोबर झाली. राखी-निळसर कागद घेतला तर तपकिरी पेन्सिल त्यावर अधिक उबदार दिसेल. अजिंठ्याच्या हिरव्या थराची युक्ती ती हीच.

पहिली रेषा साध्या शिसपेन्सिलीने काढू नये. तिची चकाकी वरच्या रंगातून डोकावत राहते आणि मेणट रंग तिच्यावर नीट बसत नाही. गेरूच्या वा विटकरी रंगाची पेन्सिल घ्यावी आणि ती हलकी धरावी, कारण रंगीत पेन्सिलीची दाबून काढलेली रेषा खोडली तरी मागे डाग ठेवून जाते. प्रथम नाकडोळ्यांच्या मागे लागू नये. माणूस उभा असेल तर त्याचा भार कोणत्या पायावर आहे हे पाहावे. गवंडी ओळंबा सोडतो तशी गळ्याच्या खळगीतून मनाने एक दोरी खाली सोडावी. भार एकाच पायावर असेल तर ती त्या पायाच्या घोट्याजवळ उतरते. आपल्या मूर्तिकारांनी या उभ्या दोरीला ब्रह्मसूत्र म्हटले आणि तिच्यापासून देह किती ढळला यावरून समभंग, आभंग, त्रिभंग असे भेद केले. ज्या पायावर भार त्या बाजूची कंबर वर उचललेली आणि खांदा किंचित खाली आलेला आढळेल. हे दोन तिरपे कल साधले की आकृती कागदावर उभी राहते.

मापाला चेहरा हेच एकक पुरते. शिल्पशास्त्रात केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतच्या लांबीला ताल म्हणतात, आणि नवतालाच्या मूर्तीत असे नऊ ताल, म्हणजे 108 अंगुळे, धरतात. समोरचा जिवंत माणूस या हिशेबात तंतोतंत बसणार नाही, आणि तो कोठे बसत नाही हे पाहण्यातच त्याची ओळख असते. ओझी वाहणाऱ्याची मान आणि यंत्रापाशी वाकून काम करणाऱ्याचे खांदे कोणत्याही शास्त्रातले नसतात.

आराखडा जमला की छाया एकत्र करून पाहाव्यात. डोळ्याची खोबण, हनुवटीखालचा भाग, काखेचा आडोसा, मांडीची आतली बाजू, यांतल्या शक्य तितक्या छाया गडद तपकिरी किंवा निळीच्या रंगाने एका सलग आकारात भराव्यात. रेषा अवयवाच्या गोलाईला धरून फिराव्यात. त्यानंतर हात थांबवावा आणि कागद किती बोलतो आहे ते पाहावे. पांढरी पेन्सिल अगदी शेवटी घ्यावी. कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, खांद्यावर चमकणारा घाम, एवढीच तिची ठिकाणे. पांढऱ्याचा आणि गडदाचा हात एकमेकांत मिसळला तर खडूसारखी मळकट छटा येते. म्हणून दोहोंच्या मध्ये कागदाची एक पट्टी सदैव मोकळी राखावी. नवशिक्याला सर्वांत अवघड वाटते ते हेच, काही जागा न भरता सोडून देणे.

सिंघनपूरच्या अनाम चित्रकाराने खडक मोकळा सोडला होता. अजिंठ्याच्या कारागिराने हिरव्या थरातून आपली तांबडी रेषा दिसू दिली होती. आज बीरगांवसारख्या ठिकाणी एखादा मुलगा वा मुलगी पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराचे चित्र काढू पाहील, तर दुकानात बांधणावळीला वापरतात तो खाकी कागद, एक गेरूच्या रंगाची, एक गडद तपकिरी आणि एक पांढरी पेन्सिल, एवढे सामान त्याला सुरुवातीला पुरे होईल. त्या कामगाराच्या चेहऱ्यावरचा बराचसा रंग कागदाने आधीच देऊ केलेला असेल. चित्रकाराने घालायची ती त्याच्या पापण्यांखालची सावली, आणि संध्याकाळच्या उन्हात उजळलेली गालाची एक कड.